बारा खारवांग्या

५ मार्च २०२५, बुधवार

आज कामावर रुजू झालो. सरांनी ही दोनशे पानी वही हातात दिली अन् म्हणले, श्रीशैल, रोज जे दिसंल ते यात लिहायचं. उंची, पानं, फुलं, कीड, सगळं. मी म्हणलो, सर, मी आठवी नापास, शुद्धलेखन आपल्याला जमायचं न्हाई. ते हसले. म्हणले, शुद्ध मला लिहिता येतं, तू फक्त खरं लिही. मग मीच ठरवलं, वहीच्या पुढून झाडाचं लिहायचं अन् वही उलटी करून मागून माझं. तर हे माझं.

जागा झकास हाय. रेणापूरच्या अलीकडं फाट्यावर उतरायचं अन् अर्धा तास चालायचं. बसवराज आप्पांचं रान, पण हा तुकडा चोपण. उन्हाळ्यात मातीवर पांढरी भुकटी येते, ज्वारीसुद्धा धड येत न्हाई. म्हणून तर सरांनी तो मागून घेतला. शरदचंद्र सर लातूरला कॉलेजात झाडाझुडपांचा विषय शिकवायचे, आता रिटायर हायेत. कुठल्या तरी समुद्राच्या कडंला खडकात त्यांना हे झाड सापडलं. लाटांचं खारं पाणी अंगावर घेऊन जगणारं. तिथल्या लोकांनी त्याला नावसुद्धा ठेवलेलं न्हाई, शेरडं तोंड लावत न्हाईत. सरांचं म्हणणं, हे आपल्या चोपणात जगलं तर पुढं त्याचा कस वांग्यात, टमाट्यात आणता येईल अन् अशी पडीक रानं हिरवी होतील.

बारा झाडं हायेत. वांग्याच्या भावकीतलं हाय हे फूल बघूनच कळतं, तसंच जांभळं, मधी पिवळं. पान मात्र घोळीच्या भाजीवानी जाड अन् रसाळ. खोडाला बारीक काटे. काम काय, तर सकाळी झाडागणिक एक बादली पाणी अन् त्यात मूठभर खडामीठ. समुद्राची सवय एकदम तुटू नये म्हणून. भाजी चुलीवर चढायच्या आधीच तिला मीठ घालणारा मी पहिलाच असंल.

राहायला पत्र्याची खोली, खाली शहाबादी फरशी, एक खाट, एक पंखा. मला आणखी काय पाहिजे? तीन वर्षांत सहा कामं सोडली मी. डाळमिल, हैदराबादची बेकरी, नांदेडचं हॉटेल, उसाच्या ट्रकवर क्लीनर, बाकीची सांगत न्हाई. माय म्हणते, पायाला भिंगरी हाय, बापाच्या वळणावर गेलास. आता आमच्या गावात, उमरीत, अंबिकाच्या बापानं साफ सांगितलंय, एका जागी एक वरीस टिकून दाखव, मग पोरीचं बोलू. अंबिकानं मात्र बस स्टँडवर हळूच सांगितलं, मी थांबते, पण वरीस म्हणजे वरीसच. पुढच्या वर्षीच्या ५ मार्चवर खूण करून ठेवली.

९ मार्च, रविवार

आप्पांच्या घरून दोन टायमाचा डबा येतो. आज ते सवता आले. झाडाभोवती एक चक्कर मारली अन् म्हणले, "वांग्याच्या भावकीतलं म्हणता, अन् भाजी होत न्हाई. मग काय आरती करायची का त्याची?"

त्यांची आई शरणम्मा आज्जीबी काठी टेकत आल्या. ऐंशीच्या पुढं हायेत, पण नजर तीक्ष्ण. पानाला बोट लावून जिभेला लावलं अन् म्हणल्या, खारवांगी. झालं, बारसं झालं. मी सरांना फोन केला, तर ते खूश. पुढच्या पानावर त्यांच्या इंग्रजी नावाखाली तसंच लिहिलं.

मला मुलासारखं बघतात ही माणसं. बरं वाटतंय. पण संध्याकाळ झाली की पाय वळवळ करतात. फाट्यापर्यंत उगंच जाऊन येतो.

१७ मार्च, सोमवार

पुढच्या पानांवर खोटं लिहिलंय, इथं खरं लिहितो. मिठाचं पोतं मंगळवारीच संपलं. रेणापूरहून आणायचं तर फाट्यापासून डोक्यावर आणावं लागतं. आज आणू, उद्या आणू करत मी लातूरच्या पलीकडं मुरुडला दोस्ताकडं गेलो, धुळवड खेळलो, दोन दिवस तिथंच. वहीत मात्र रोज ‘मीठ दिलं’.

आलो तर नऊ झाडं मान टाकून उभी. उत्तरेकडच्या बांधाजवळची तीन मात्र वीतभर वाढलेली. पानांवर पांढरे कण, मिठाचे. बोटानं पुसून चाटलं. खारट.

मीठ दिलं न्हाई कुणी. मग यांना कुठून मिळालं?

२३ मार्च, रविवार

बांधापलीकडं बेलाचं झाड हाय अन् त्याखाली चार दगडी चौथरे. मला वाटलं देवाचं ठाणं असंल. आज आप्पांना विचारलं. ते म्हणले, आमच्या समाध्या हायेत, शेवटची आमच्या वडलांची, मन्मथ आप्पांची, तीन वर्षं झाली.

आमच्यातबी तसंच, आम्हीबी लिंगायत. माणूस गेला की जाळत न्हाईत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, डाव्या हातात इष्टलिंग देतात, बेल-भस्म वाहतात अन् मिठानं सगळी पोकळी भरून काढतात. मी बारा वर्षांचा होतो. बापाला बसवल्यावर मिठाच्या पोत्याचं एक टोक मी धरलं होतं. बाप ट्रकवर असायचा, घरी कधी चार तास सलग राहिला न्हाई. मला त्या वेळी एवढंच वाटलं होतं, पहिल्यांदाच हा इतका वेळ एका जागी बसलाय.

आप्पा गेल्यावर कुदळ घेतली. त्या तिघांतल्या सातव्या नंबरच्या झाडाच्या बुडाशी उकरलं. बोटाएवढी जाड मुळी, सरळ बांधाखालून उत्तरेला गेलेली. तिच्यावर मिठाचा पापुद्रा.

सांगावं का? सांगितलं तर आप्पा उद्याच झाडं उपटतील, अन् त्यांचं चूक न्हाई. काम जाईल. अठरा दिवस झाले फक्त. माती लोटून टाकली.

३० मार्च, रविवार. पाडवा

आज्जींनी पुरणपोळी पाठवली. नंतर सवता नवऱ्याच्या समाधीला फूल वाहायला आल्या अन् तिथंच थबकल्या. चौथरा एका बाजूनं हातभर खचलाय. आप्पा म्हणले, उंदीर-घुशीनं पोखरलं असंल. आज्जी लांबूनच बघत राहिल्या. मला म्हणल्या, "बसल्या माणसाची मान खाली गेल्यावानी वाटायलंय रे."

आप्पांनी अन् मी मिळून माती भरली. घमेली मीच उचलून दिली. ज्यांच्या घरचं खातो, त्यांच्याशी हे केलं.

आता बाराच्या बारा झाडं उत्तरेकडं कललेली. लाल फळं धरलीत, बोराएवढी. सरांनी बजावलंय, तोंडात घालायची न्हाईत.

८ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस अंग तापलेलं. ऊन बाधलं. मीठ आणायला गेलोच न्हाई अन् १३ तारखेला सर बघायला येणार. दारासमोरचं एक नंबरचं झाड सगळ्यात रोगट, समाधीपासून लांब हाय ना.

दुपारी आज्जी डबा घेऊन सवता आल्या. माझ्याकडं बघून म्हणल्या, नजर लागली तुला. मुठीत खडामीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या घेतल्या अन् डोक्यापासून पायापर्यंत सात वेळा उतरवल्या. पुटपुटल्या काहीतरी. मग ते कागदात बांधून माझ्या हातात दिलं अन् बजावलं, जाळात टाक, मागं बघू नकोस.

मी लहानपणापासून हे बघतो. मायबी असंच करते, ठसका लागला न्हाई की म्हणते नजर लई जबर होती. पण माझ्या खोलीत चूल न्हाई, गॅसची शेगडी हाय, तिच्यावर मीठ तडतडत बसंल. अन् चांगलं मूठभर मीठ जाळायचं कशाला? मिरच्या वेचून बाजूला केल्या. मीठ बादलीत कालवलं अन् एक नंबरला घातलं.

लगेच बरं वाटलं. ताप उतरला.

१० एप्रिल, गुरुवार

एक नंबर दोन दिवसांत हातभर वाढलं. हे चांगलं झालं. पण एक गोष्ट —

झाडं आता उत्तरेकडं कललेली न्हाईत. बाराच्या बारा माझ्या खोलीकडं तोंड करून उभी हायेत.

दुपारी खाट उचलून पार पलीकडं लिंबाखाली टाकली. तासभर डोळा लागला. उठून बघितलं तर सगळी लिंबाकडं.

१३ एप्रिल, रविवार

सर आले. टोपी काढून नुसते बघत राहिले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. टेपनं सगळं मोजलं. मी धीर करून सगळं सांगितलं. मुळी, समाधी, मिठाची थाप, उतरवलेलं मीठ, सगळं. मीठ न देण्याबद्दल ते रागावले न्हाईत. मुळी एवढी लांब जाते म्हणल्यावर उलट खूश झाले. म्हणले, आप्पांशी मी बोलतो, समाधीच्या बाजूनं चर खणून मुळ्या तोडू. कलण्याचं कारण ऊन. नजरेचं ऐकून पाठीवर थाप मारली अन् म्हणले, तू फार एकटा राहतोस.

गाडीतून मिठाची दोन पोती उतरवली. त्यांच्यासमोर बाराही झाडांना दिलं.

ते गेल्यावर बघितलं. पाणी जिरलं, पण मीठ मातीवर तसंच पडून. जसं टाकलं तसं. त्यांना हे मीठ नको हाय.

१५ एप्रिल, मंगळवार

डब्यातलं काहीच लागत न्हाई. पिठलं, ठेचा, सगळं मातीवानी. वरून मीठ घातलं, तरी न्हाई. चमचाभर मीठ कोरडं तोंडात घातलं. वाळू.

काळा शर्ट दिवसभर घामानं भिजतो अन् वाळल्यावर त्याच्यावर पांढरी रेघ उमटत न्हाई. दंड चाटून बघितला. साधं पाणी.

एक नंबरच्या पानांवर मात्र मीठ असं दाटलंय की उन्हात बघवत न्हाई.

१८ एप्रिल, शुक्रवार

निघालो होतो. खरंच निघालो होतो. अंबिकाचं वरीस गेलं खड्ड्यात, म्हणलं, जीव वाचला तर दुसरं काम बघू. मला कुठूनबी निघता येतं, तेवढं एकच तर येतं. पिशवी भरली, फाट्यावर बस धरली. रेणापूर स्टँडवर उतरलो अन् पोटऱ्यांत असे गोळे आले की तिथंच फलाटावर आडवा झालो.

लोकांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणले, रक्तातलं मीठ कमी झालंय, इतकं कमी असून तू शुद्धीवर कसा? दोन बाटल्या सलाईन लावली. खारट चव आली तोंडाला. रडू आलं, तेबी खारट होतं. मी ते चाटलं.

आप्पा जीप घेऊन आले. मी म्हणत होतो मला उमरीला सोडा, ते म्हणले, असा कसा सोडू, घरचाच हायेस, चार दिवस आराम कर, मग मी सवता नेतो. चांगुलपणानं आणून परत इथंच निजवलं.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी उठलो. तोंड परत मातीचं. दोन बाटल्या एका रात्रीत गेल्या.

झाडांना नवी फुलं आलीत. प्रत्येकाला.

२१ एप्रिल, सोमवार

विळा घेतला. एक नंबरच्या खोडावर घाव घातला. माझ्या डाव्या पायात कळ उठली, पडलो. दुसरा घाव घालायला हात उचलला —

न्हाई जमलं. सरपटत खोलीत आलो. खाटेखाली दोन फरशांच्या सांध्यातून पांढरा दोरा वर आलेला. दोरा न्हाई तो.

२३ एप्रिल, बुधवार

आप्पा आले. त्यांना म्हणलो, झाडं जाळून टाका. ते म्हणले, हो हो, तू आधी बरा हो. पण त्यांचं ध्यान दुसरीकडंच. सांगत होते की आज्जींच्या तोंडाची चव गेलीय पंधरा दिवसांपासून. आठ दिवस झाले, अंगणात मांडी घालून बसल्यात त्या, उठत न्हाईत. उठवलं तर पायात गोळे येतात म्हणं. बसल्या की बरं वाटतं.

पंधरा दिवस. म्हणजे ८ तारीख.

मूठ त्यांची होती. मीठ त्यांच्या मुठीत होतं. मुठीला घाम असतो. मी माझं एकट्याचं न्हाई दिलं त्या झाडाला.

हे सांगायला तोंड उघडलं तर आप्पा रडत होते.

२५ एप्रिल, शुक्रवार

उभं राहिलं की गोळे. निजलं की गोळे. मांडी घालून भिंतीला टेकलं की सगळं थांबतं. इतकं गार वाटतं की काय सांगू. मी, जो कधी एका जागी —

पाय वळवळत न्हाईत आता. हे सगळ्यात वाईट.

२७ एप्रिल, रविवार

मायचा फोन आला. आवाज ऐकूनच तिनं ओळखलं. म्हणली, बुधवारी बसवजयंतीला येते, अंबिकाचा बाप अन् अंबिकाबी संगं हायेत. पावणे दोन महिने टिकलास म्हणून तो खूश हाय. मी म्हणलो, येऊ नको. ती म्हणली, नजर लागली तुला, येताना मीठ-मोहऱ्या घेऊनच येते, उंबऱ्यातच उतरवते.

मी ओरडलो. मीठ आणू नको, हातात धरू नको. ती म्हणली, तापात बरळतोस राजा.

फोन बंद पडला. चार्जर समोरच्या भिंतीला. चार पावलं.

२८ एप्रिल

दोन पावलं गेलो. परत बसलो. कसा बसलो, ठाव न्हाई.

आज डबा आला न्हाई. आप्पांच्या घराकडून रडण्याचा आवाज. मग कुदळीचा. बेलाखाली खणायलेत. आज्जींना —

मीठ किती पोती आणलं असंल त्यांनी?

२९ एप्रिल

डावा हात मांडीवर आपोआप उघडा होतो. मिटला तरी परत उघडतो. फरशीतून आलेली मुळी तळहातावर वेटोळं करून बसलीय. गोल. गार. बाप आठवला.

उजवा हात चालतोय. वहीत लिहून ठेवतो. दाराजवळ फेकता येईल. मायला वाचता येत न्हाई. अंबिकाला येतं.

अंबिका, हे आधी वाच. मायला आत सोडू नको. मीठ मायच्या मुठीतून

३० एप्रिल, बुधवार

वही काल फेकलीच न्हाई. परत मांडीवर. हात सोडत न्हाई.

ऊन वर आलंय. दारातून झाडं दिसतात. आज माझ्याकडं बघत न्हाईत. बाराच्या बारा फाट्याच्या रस्त्याकडं कललेली.

कोण यायलंय ते त्यांना माझ्या आधी —

मायचा आवाज. अंबिका हसली. तिला म्हणते, बघ, माझं लेकरू कसं शहाण्यासारखं एका जागी बसलंय.

मूठ बांधलेली. उंबऱ्यात आली. हात वर —

माय, मूठ खाली नको, ते मीठ जाळात टा